पूरग्रस्त गावातून सरकारला माल विकताय? या चुका टाळा

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा शाळेत आसरा घेतलेल्या लोकांसाठी एका बचत गटानं तीन दिवस स्वयंपाक केला. सांगणं फोनवरच आलं होतं. पुढे मी अध्यक्षताईंची वही पाहिली. तांदूळ किती, तूरडाळ किती, सिलिंडर दोन, सगळं पेन्सिलीनं नीट मांडलेलं. पण हे करायला सांगितलं कोणी आणि जेवले किती, यावर कुणाचीच सही नव्हती. बिल अडकलं. ताई म्हणाल्या, "तवा लिहून कोण मागते जी? लेकरं भुकेली होती."

त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण नियम समजून घ्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 50 नुसार तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. मात्र ती गरज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासारख्या अधिकृत यंत्रणेला पटलेली असावी लागते आणि खर्चाला अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. फोनवरच्या शब्दाला हा आधार मिळत नाही. म्हणून ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून निदान मोबाइलवर लेखी मेसेज मागा, आणि रोज रात्री तारीख, जेवणाची वेळ व माणसांची संख्या लिहून तलाठी किंवा ग्रामसेवकाची सही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक गावोगाव दिसते: पंचनामा झाला, म्हणजे सरकारी खरेदीतही आपल्याला प्राधान्य. तसं नाही. पंचनामा नुकसानभरपाईसाठी असतो. अमेरिकेच्या स्टॅफर्ड कायद्यात आपत्तीग्रस्त भागातल्या स्थानिक व्यावसायिकांना कामं देताना प्राधान्य द्यावं असं कलम आहे. आपल्या 2005 च्या कायद्यात तसं नाही. ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पुरात ज्याचं शिलाई मशीन बुडालं, त्याच्याच गावातून निवाऱ्याच्या चादरी घेतल्या तर मदतीचा पैसा गावातच राहील.

तोवर आपल्या हाती आहे ते केंद्राचं 2012 चं खरेदी धोरण. केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. विदर्भात असे खरेदीदार दूर नाहीत: वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, मौद्याचं एनटीपीसीचं वीज केंद्र, रेल्वे. राज्याच्या कार्यालयांचे नियम वेगळे, ते त्या-त्या निविदेत वाचावे.

इथं सगळ्यात जास्त घोळ भावाचा होतो. प्राधान्य म्हणजे जास्त भाव, असं नाही. समजा 1,000 चादरींची निविदा आहे, सगळ्यात कमी भाव एका मोठ्या कंपनीचा, 200 रुपये. तुमचा भाव त्याच्या 15 टक्क्यांच्या आत, म्हणजे 230 पर्यंत असेल, तर तुम्हाला 200 वर यायची संधी मिळते. तुम्ही आलात आणि माल विभागून घेता येण्यासारखा असला, तर 250 चादरी तुमच्या. 235 भरलात तर बाहेर. म्हणून भाव भरायच्या आधीच कापड, शिलाई आणि डेपोपर्यंतचं टेम्पोभाडं धरून आपला तळाचा आकडा काढून ठेवा. पहिला नंबर लागावा म्हणून तोट्यातला भाव भरू नका. तो तोटा अख्ख्या गटावर पडतो.

या धोरणाच्या लाभासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्राकडची ऑनलाइन नोंदणी लागते. तिच्यातली चूक तर फार लहान दिसते. गट स्वतः कपडे शिवतो, पण नोंदणी करून देणाऱ्यानं कामाच्या रकान्यात 'व्यापार' निवडलेलं असतं. व्यापाऱ्यांना या धोरणाचा लाभ नाही. त्यांची उद्यम नोंदणी बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. प्रमाणपत्र आजच काढून बघा आणि चूक असेल तर पोर्टलवर दुरुस्त करा. नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

काम बाई करते आणि नोंदणी नवऱ्याच्या नावानं असते, असंही होतं. मग महिलांच्या 3 टक्क्यांत तिची गणती होत नाही. भागीदारी असेल तर महिलांचा वाटा निदान 51 टक्के हवा.

निविदा भरताना ठेवायच्या बयाणा रकमेची सूट मिळते, पण उद्यमचं प्रमाणपत्र प्रत्येक निविदेला जोडावं लागतं. काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव वेगळी, तिची सोय आधी करा.

माल पोचला की पोचपावतीवर तारीख, नग, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत फिरवू नका. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यानं पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. तिथं हीच पोचपावती लागते, आणि उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी, नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात.