वाफसा कसा ओळखावा: एक स्पंज, तीन बाटल्या आणि मूठभर माती

पाऊस दोन दिवस उघडला की रानात एकच प्रश्न असतो: वाफसा झाला का? वाफसा म्हणजे नुसती ओल नव्हे. मातीच्या बारीक फटींत पाणी आणि मोठ्या फटींत हवा, अशी दोघांची वाटणी झाली की वाफसा. मुळांना दोन्ही लागतं, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १० हजार पट हळू पसरतो. चिखलात पीक पिवळं पडतं ते त्यामुळेच.

ही वाटणी घरी बघता येते.

आधी स्पंज. भांडी घासायचा जाडसर नवा स्पंज पाण्याखाली दाबून सगळे बुडबुडे काढून टाका. मग दोन्ही हातांनी कडेला धरून आडवा उचला. पाणी ठिबकेल, मग थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, पाणीही तेच, बदलली फक्त उंची. उंची वाढली तसं वरच्या भागातल्या मोठ्या छिद्रांना पाणी धरून ठेवणं जमेना. ते खाली उतरलं आणि त्याच्या जागी हवा शिरली. तळाचा पट्टा दाबून बघा, तो अजून चिंब आहे. उथळ कुंडीत तीच माती जास्त गच्च का राहते, ते इथे कळतं.

मग वाळू मोजा. बांधकामाची वाळू चाळून, धुऊन कडक वाळवा. वरून कापलेल्या बाटलीत ५०० मिली वाळू भरा आणि मापाने पाणी ओतत राहा. पृष्ठभाग चकाकला की थांबा. साधारण १७५ ते २०० मिली पाणी मावतं, म्हणजे वाळूत ३५ ते ४० टक्के जागा मोकळीच होती. पण हे पाणी घाईने भसकन ओतलं तर वर बुडबुडे फुटताना दिसतील. पाणी खाली जायचं तर हवेला वर यायला वाट हवी, आणि दोघांची वाट एकच. बाटलीला बाहेरून टिचक्या मारा, अडकलेले आणखी बुडबुडे सुटतील. काही तरीही कोंडून राहतातच.

पाइपने भसाभस पाणी सोडलेल्या कुंडीत हेच होतं. वर तळं साचतं आणि आपल्याला वाटतं, झाड प्यायलं. थोडं घाला, पाच मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला.

आता खडी. माझा एक मोगरा या गैरसमजापायी गेला, म्हणून इथे जरा थांबतो. कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं सगळेच सांगतात. आणखी दोन बाटल्या कापा, तळाला तापवलेल्या सुईने सारखीच भोकं पाडा. एकीत फडक्यावर १० सेंटिमीटर वाळू. दुसरीत खाली ४ सेंटिमीटर खडी, तिच्यावर पातळ फडकं, मग तेवढीच वाळू. दोन्हींत खालून गळेपर्यंत पाणी घाला आणि गळणं थांबेपर्यंत परातीत विटांवर ठेवून द्या.

बाटलीच्या काचेसारख्या अंगातून नीट बघा. खडीच्या फटींत हवा, आणि तिच्या लगेच वर वाळूचा काळपट, चिंब पट्टा. खडीने पट्टा घालवला नाही, तो ४ सेंटिमीटर वर सरकवला, मुळांच्या जवळ. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. बारीक फटीत इतकं घट्ट बसलेलं पाणी मोठ्या फटीत आपण होऊन उतरत नाही. वर पुरेसं साचून दाब आला तरच. तेव्हा भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि बाकी सगळी जागा मातीला द्या.

वाळूतून पाणी किती वेगाने वाहतं याचा नियम फ्रान्समधल्या दिजाँ शहरात अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली मांडला, पण त्यांची वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती. हवा आत आली की हिशेब बिघडतो. निम्म्या फटींत पाणी असलं म्हणजे निम्म्या वेगाने वाहील असं नाही. फार कमी वाहतं, कारण आधी रिकाम्या होतात त्या मोठ्या, सरळ वाटा. अमेरिकेत वायकॉफ आणि बॉटसेट या संशोधकांनी वाळूच्या नळीतून वायू आणि पाणी एकत्र सोडून हे मोजलं आणि १९३६ साली छापलं. वायू आणि पाणी एकमेकांची वाट अडवतात.

शेवटी मूठ. रानात सरळ वरची माती उचलू नका. वरचा पापुद्रा उन्हाने सुकतो आणि फसवतो, काळ्या जमिनीत तर हमखास. ४-५ इंच खालची माती घ्या, मुठीत दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडूच झाला नाही तर ओल कमी. पडून चपटा झाला, बोटांना चिकटला, तर फटी अजून पाण्याने भरलेल्या. अशा वेळी ट्रॅक्टर घातला की मोठ्या फटी चेपतात आणि पुढचा निचराही जातो. पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा. बांधालगतच्या सखल पट्ट्यात हा लाडू वेगळा करून बघा, तिथे वाफसा उशिरा येतो.