शिडी उभी करण्याआधी वर बघा

शिडीवरून पडायची भीती सगळ्यांनाच असते, शिडी तारेला लागायची मात्र फारशी कुणाला नसते. बंगल्याचं रंगकाम चाललेलं असतं. एक खिडकी झाली, की दोघं जण २० फुटी ॲल्युमिनियमची शिडी उभीच्या उभी उचलून पुढच्या खिडकीकडे सरकतात. नजर पायाखालच्या वाळूवर, आणि डोक्यावर ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची लाइन.

म्हणून शिडी आडवी असतानाच इमारतीभोवती एक चक्कर मारा. झाडाआड तार लपलीय का, तेही बघा. २० फुटी शिडी कलंडली तर २० फुटांपर्यंत पोचते; तार त्याहूनही निदान १० फूट लांब हवी. तेवढी जागा नसेल, तर वीज तक्रारीच्या १९१२ वर फोन करा आणि वीज कंपनी लाइन रीतसर बंद करेपर्यंत त्या बाजूचं काम थांबवा. या तारा बहुतेक उघड्याच असतात. ११,००० व्होल्टच्या नुसतं जवळ गेलं तरी झटका बसू शकतो.

सळयांचंही तेच. स्लॅबवरून सळई ओढणाऱ्याला तिचं खालचं टोक कुठे झुलतंय ते दिसत नाही. तेवढंच बघायला खाली एक माणूस ठेवा.

जागा बदलताना शिडी आडवी करूनच न्या. वेळ जातो, जाऊ द्या.

लावताना हिशेब चारास एक: शिडी १६ फुटांवर टेकत असेल, तर पाया भिंतीपासून ४ फूट. टेप शोधत बसू नका. शिडीच्या पायाला बोटं लावून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीवर सहज टेकले की कोन जमला. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर ३ फूट यावी आणि वरून बांधलेली असावी. एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवणं म्हणजे जुगार.

बांबूची शिडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ओल्या बांबूतून वीज वाहते.

ड्रिल किंवा कटरची वायर प्लगशिवाय, काडेपेटीच्या काड्या खुपसून जोडलेली दिसली, की आधी ती काढा. साइटच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारी स्विच) बसवा आणि तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. खटका पडला नाही तर ती बदला. खांबावरच्या लाइनपुढे मात्र तिचा काही उपयोग नाही.

शिडी लाइनला चिकटलीच, तर धावून जाऊन माणसाला ओढू नका. सगळ्यांना लांब थांबवा, १९१२ आणि १०८ लावा. लाइन बंद झाल्याचं कंपनीच्या माणसाने सांगेपर्यंत शिडीलाही हात लावायचा नाही.