आयुष्यभराचे फोटो ऑनलाइन कॅटलॉगमध्ये कसे लावायचे

आधी काहीच डिलीट करू नका. जुने फोन, पेनड्राइव्ह, सीडी, मेमरी कार्ड, जिथे जिथे फोटो असतील ते सगळे एका हार्डडिस्कवर कॉपी करा आणि तिची अजून एक कॉपी करून बाजूला ठेवा, मगच हात लावा. फोल्डर वर्षाप्रमाणे, नाव २००९-०५-१७ असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

तारीख फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलच्या आत लिहून ठेवतो त्या माहितीत असते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर तीही चुकते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती बहुतेक उडालेलीच असते, म्हणून ओरिजिनल मिळाला तर तोच ठेवा. डिजिकॅम हे फोटो लावायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फ्री आहे, त्यात डुप्लिकेट सापडतात, तारखा एकदम सरकवता येतात.

आता खरं काम म्हणजे कॅप्शन. कोण, कुठे, कशासाठी, हे घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून आत्ताच लिहून घ्या, कारण ते चेहरे ओळखणारं नंतर कुणी नसतं. आणि हे अपलोड करण्याआधी डिजिकॅममधून फाइलच्या आतच सेव्ह करा, कारण गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन टेकआउटने (गूगलवरचा आपला डेटा परत उतरवून घ्यायची सोय) उतरवताना फोटोबाहेर वेगळ्या जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुराची फाइल) येतं.

अपलोड वर्षावर्षाने करा.