प्रकल्प प्रदर्शनापूर्वी सिरीज दिव्याची चाचणी
विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या प्रकल्प प्रदर्शनात अनेक टेबलांना बहुधा एकाच एमसीबीवरून (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पुरवठा दिलेला असतो, त्यामुळे एका प्रकल्पातील शॉर्ट सर्किटने, परीक्षक समोर उभे असतानाच, संपूर्ण रांग बंद पडू शकते. म्हणून 230 व्होल्टवर चालणारा प्रत्येक प्रकल्प थेट सॉकेटला जोडण्याआधी, ज्याच्या फेजमध्ये 100 वॅटचा फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये जोडलेला आहे अशा टेस्ट बोर्डवर तपासून घ्यावा. या कामासाठी एलईडी दिवा चालत नाही. प्रकल्पात शॉर्ट असल्यास दिवा पूर्ण तेजाने पेटतो, परंतु प्रवाह सुमारे 0.43 अँपिअरवरच रोखला जातो आणि एमसीबी पडत नाही. एसएमपीएस (एसीपासून डीसी देणारा स्विचिंग वीजपुरवठा) असलेल्या प्रकल्पात दिवा क्षणभर चमकून मंदावतो, ते कॅपॅसिटर चार्ज होण्याचे लक्षण असून त्यात काळजीचे कारण नाही. हीटर किंवा मोठी मोटार असेल, तर मात्र प्रकल्प निर्दोष असूनही दिवा बराच उजळतो, तेथे मल्टिमीटरने रोध मोजणेच योग्य. ही चाचणी विजेच्या धक्क्यापासून कोणतेही संरक्षण देत नाही. प्रदर्शनाच्या बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा, आणि दालन उघडण्यापूर्वी त्याचे टेस्ट बटण दाबून तो खरोखर पडतो याची विभागातील शिक्षकांसमक्ष खात्री करून घ्यावी.