लिनक्सवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालत नाही? या चुका टाळा

लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालेनासा झाला की नवखे वापरकर्ते आधी प्लगइन शोधायला निघतात आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. जुन्या प्रकारचे प्लगइन आता उरलेले नाहीत. अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश प्लेअर बंद केला आणि जानेवारी 2021 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 85 मधून फ्लॅश चालवण्याची सोयही काढून टाकण्यात आली. म्हणून ज्या लेखात फ्लॅश किंवा व्हीएलसीचे ब्राउझर-प्लगइन बसवण्याच्या पायऱ्या दिल्या असतील, तो कितीही सोपा वाटला तरी तिथेच सोडून द्यावा. एखादी वेबसाइट आजही फ्लॅश अपडेट करायला सांगत असेल, तर ती फसवणूक आहे असेच समजावे.

टर्मिनल उघडण्याआधी बिघाड कोणता आहे ते ओळखावे. वेबएम प्रकारचा व्हिडिओ चालतो पण एमपी4 चालत नाही, तर कोडेक (व्हिडिओ उलगडणारा सॉफ्टवेअरचा भाग) नाही. बाकी सगळे चालते आणि फक्त पैसे भरून पाहायचे चित्रपट अडतात, तर डीआरएम (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणासह व्हिडिओ चालवण्याची सोय) बंद आहे. व्हिडिओ चालतो पण अडखळतो आणि पंखा जोरात फिरू लागतो, तर हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपने करणे) होत नाही. एवढी पाहणी न करता पाच-सहा पॅकेजे एकदम बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण नंतर कोणत्या पॅकेजने काय बिघडवले हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे परक्या रिपॉझिटरी (पॅकेजे जिथून उतरतात ती भांडारे) मिसळणे. ओळखीच्या एका विद्यार्थ्याने डेबियनवर (लिनक्सच्या एका डिस्ट्रोवर, म्हणजे वितरणावर) आधी मल्टिमीडियाची एक बाहेरची रिपॉझिटरी आणि नंतर उबुंटूसाठी असलेला एक पीपीए (कोणीही चालवू शकेल अशी खासगी रिपॉझिटरी) जोडला, कारण एका जुन्या लेखात तसे लिहिले होते. पुढच्या अपग्रेडच्या वेळी आप्टने (पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली, ती न वाचता त्याने ‘वाय’ दाबले आणि व्हीएलसीसह डेस्कटॉपचा बराच भाग निघून गेला. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा एफएफएमपेग या कोडेक-संचाच्या आवृत्तीच्या शेवटी ‘डीएमओ’ ही अक्षरे दिसत होती, म्हणजे ते पॅकेज डेबियनचे नसून त्या बाहेरच्या मल्टिमीडिया रिपॉझिटरीचे होते. अशा रिपॉझिटरीतील आवृत्त्यांचे क्रमांक डेबियनच्या क्रमांकांपेक्षा वरचढ ठेवलेले असतात, त्यामुळे नुसती रिपॉझिटरी काढून मूळ पॅकेजे आपोआप परत येत नाहीत. मी दोन्ही नोंदी काढल्या, ‘आप्ट पॉलिसी’ने एकेक पॅकेज तपासले आणि डेबियनची आवृत्ती नाव घेऊन पुन्हा बसवली. यातले काहीच करायची मुळात गरज नव्हती, कारण डेबियनच्या स्वतःच्या लिबएव्हीकोडेकमध्ये (एफएफएमपेगच्या लायब्ररीत) एच.264 (चित्रासाठी) आणि एएसी (आवाजासाठी) हे दोन्ही कोडेक आहेत. शिफारस केलेली पॅकेजे वगळून फायरफॉक्स बसवल्यामुळे तेवढे एकच पॅकेज राहून गेले होते.

दुसरी चूक उबुंटूवाल्यांची. 22.04 आवृत्तीपासून तिथला फायरफॉक्स स्नॅप (लागणारे सगळे सोबत आणणारे बंदिस्त पॅकेज) स्वरूपात येतो, स्वतःची एफएफएमपेग लायब्ररी सोबत आणतो आणि सिस्टिममध्ये बसवलेल्या कोडेककडे पाहतही नाही. तरीही लोक रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज (कोडेक आणि फॉन्ट आणणारे उबुंटूचे पॅकेज) काढतात, पुन्हा बसवतात, मशीन रीस्टार्ट करतात आणि फरक पडत नाही म्हणून उबुंटूलाच दोष देतात. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘अबाउट:सपोर्ट’ (about:support) लिहून ॲप्लिकेशन बायनरीची ओळ वाचावी. तिथे ‘स्नॅप’ दिसले तर उपाय स्नॅप अपडेट करण्यात किंवा मोझिलाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून डेब (डेबियन-उबुंटूचे नेहमीचे) पॅकेज घेण्यात आहे. मी दुसरा मार्ग वापरतो. फ्लॅटपॅक या दुसऱ्या बंदिस्त स्वरूपाचेही असेच आहे: कोडेक त्याच्या रनटाइमसोबत (सोबतच्या सामायिक लायब्ररींसोबत) येतात.

तेच रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज बसवताना टर्मिनलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचा परवाना समोर येतो. तिथे माउस चालत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर जावे आणि एंटर करावे. अधीर होऊन टर्मिनल बंद केले, तर पॅकेज अर्धवट राहते आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) चालवून ते पूर्ण करावे लागते.

फेडोरा या डिस्ट्रोवर आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी जोडल्यानंतर नुसते एफएफएमपेग बसवू नये, आधीच्या एफएफएमपेग-फ्रीशी (फेडोराच्या मर्यादित कोडेकवाल्या आवृत्तीशी) त्याची टक्कर होते. एकाच्या जागी दुसरे पॅकेज बसवणारे ‘डीएनएफ स्वॅप’ वापरावे.

फायरफॉक्सच्या प्लगइन यादीतील ओपनएच264 मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी आहे, ते चालू-बंद करत बसू नये.

चित्रपटांसाठी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएमचा पर्याय चालू केला की वाइडवाइन (गूगलचे डीआरएम) आपोआप उतरते. क्रोममध्ये ते आधीपासून असते, डिस्ट्रोच्या क्रोमियममध्ये (क्रोमच्या मुक्त-स्रोत भावंडात) सहसा नसते, आणि कोणाच्या तरी स्क्रिप्टने ते कोंबण्यापेक्षा त्या कामापुरता क्रोम ठेवणे मला बरे वाटते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वाइडवाइन साधारणतः फक्त सॉफ्टवेअरच्या पातळीवर चालते, म्हणून काही सेवा सर्वोच्च रिझोल्यूशन देत नाहीत. त्यासाठी पॅकेज शोधत फिरू नये.