ईसीएम गेला म्हणण्याआधी

गाडी चालू होत नाही, दोष वाचायचा स्कॅनर लिंक होत नाही, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य येतं, 'ईसीएम गेला.' ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा. चिपळुणात माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. माझं मत ठाम आहे: ईसीएम स्वतःहून फार क्वचित मरतो. बहुतेक वेळा त्याला करंट पोचत नसतो, अर्थिंग सुटलेलं असतं, नाहीतर बाहेरच्या एखाद्या शॉर्ट सेन्सरने त्याला आडवं केलेलं असतं. हजारोंचा डबा बदलायच्या आधी एक साधा मल्टीमीटर घेऊन बसा.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरची इंजिनाची चेक लाइट लागली पाहिजे. पेट्रोल गाडी असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये मागे टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंद आवाज येतो. दोन्ही गायब असतील तर आधी बॅटरी बघा, स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग ईसीएमचा फ्यूज आणि मेन रिले, म्हणजे ईसीएमला करंट जोडणारा स्विच. फ्यूज डोळ्यांनी बघून भागत नाही, दोन्ही टोकांना मीटर लावा.

ईसीएमच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. दहा तारांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२च दाखवतो. त्या वायरवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा. लख्ख पेटला तर लाइन चांगली, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी कुजलीय. मात्र हा बल्ब फक्त १२ व्होल्टच्या सप्लायच्या वायरवरच. सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या आउटपुटच्या वायरवर लावलात तर चांगला ईसीएम तुमच्याच हातून जाईल.

अर्थिंगसाठी मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल वायर ईसीएमच्या अर्थ पिनच्या मागून, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तर इंजिनाला किंवा बॉडीला जिथे अर्थ बोल्टने पकडलाय तो बोल्ट खोला आणि पॉलिश पेपरने चकाचक करा. कोकणच्या पावसात हे बोल्ट आधी गंजतात.

आता जिथे सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो आणि एकेका लाइनवर अनेक सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळी लाइन झोपते, काही गाड्यांत ईसीएमही बोलेनासा होतो. एक गाडी माझ्याकडे 'ईसीएम बदला' असं लिहून घेऊनच आली होती. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या कपलरवर मीटर लावला तर ५च्या जागी ०.३ व्होल्ट. मीटर तसाच ठेवून एकेक सेन्सर काढत गेलो. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा कपलर निघाल्याबरोबर आकडा उडी मारून ५वर! तो सेन्सरच आतून शॉर्ट झाला होता. सेन्सर बदलला, गाडी निघाली. सगळे सेन्सर काढूनही ५ आले नाहीत तर वायरिंग तपासा, ईसीएमवर संशय त्यानंतर.

स्कॅनर लिंक होत नसेल तर बॅटरीचं टर्मिनल काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. कॅन, म्हणजे गाडीतले डबे एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन, असलेल्या बऱ्याच गाड्यांत ६०च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे. स्कॅनर लिंक होऊन दोषांचे कोड वाचता आले तर पी०६४१ आणि पी०६५१ हे ५ व्होल्टच्या लाइनचे असतात. पी०६०१ किंवा पी०६०६ आला तर मात्र डब्याच्या आतलं दुखणं असू शकतं, तेही सप्लाय आणि अर्थ पक्के केल्यावरच म्हणा.

२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा पाण्यातून निघालेल्या गाडीची चावी फिरवून बघण्याची घाई अनेकांनी केली. असं कधीच करू नका. ओल्या कपलरमध्ये करंट गेला की पिना हिरव्या पडून खाल्ल्या जातात. आधी बॅटरी सोडवा, मग कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या.

आणि खरंच ईसीएम गेलाच असेल, तर तो कशाने गेला ते आधी शोधा. शॉर्ट झालेला ठिणगीचा कॉइल किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारा भाग, जाळतो, नवा डबाही तसाच जाळेल. साध्या पेट्रोल इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुधा १२ ते १६ ओहम असतो, सगळे मोजा आणि एकमेकांशी ताडून बघा. डिझेलच्या कॉमन रेल इंजेक्टरना चालू इंजिनवर हात लावू नका, तिथे व्होल्टेज जास्त असतं. जुना डबा घेणार असाल तर त्यावरचा पार्ट नंबर तंतोतंत जुळवा आणि इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या चावीच्या यंत्रणेचं) कोडिंग कोण करून देणार ते पैसे देण्याआधी विचारा, नाहीतर सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही.