फ्लेक्स छापायच्या आधी दुकानाची वही उघडा

"ताई, धंदा पार बसलाय. जाहिरातीची रिक्षा फिरवू का?" दिवाळीनंतर हा प्रश्न मला हमखास येतो. मी कराडात छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. जाहिरात हा माझा प्रांत नाही, पण तिचे पैसे कुठून काढायचे हे मलाच विचारतात. म्हणून मी आधी दुकान तपासायला लावते. गिऱ्हाईक दारात यायचंच थांबलंय की येऊन हात हलवत परत जातंय, हे ठाऊक नसताना भोंगा लावून लोक बोलावण्यात काही अर्थ नाही.

किराणा दुकानाचंच सांगते, त्यातलं मला जास्त कळतं.

आधी विक्री खरंच किती घटली ते काढा. "निम्मी झाली" असं सगळेच म्हणतात. वही उघडली की बहुतेक वेळा पाव-एक कमी निघते. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षाच्या त्याच सुमाराशी करा आणि सण बघून करा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षांचे नोव्हेंबर शेजारी ठेवून कुणी रडत बसलं, तर ते रडणं फुकटचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरा. आमच्या भागात ऊसबिलं कधी जमा झाली तेही बघावं लागतं. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत; ते लांबले की किराणा दुकानाची उधारी फुगते आणि रोख विक्री आटते. त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो.

आता खरी तपासणी. विक्री म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार: दिवसाला बिलं किती आणि एका बिलाची सरासरी रक्कम किती. संगणकावर बिल होत असेल तर दोन्ही आयतं मिळतं. नसेल तर यूपीआयचं महिन्याचं स्टेटमेंट काढा, त्यात प्रत्येक व्यवहाराची वेळसुद्धा असते. रोखीसाठी आठवडाभर गल्ल्याशेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रेघ ओढा. मुलाला सांगितलंत तर तो दुसऱ्या दिवशी विसरेल, स्वतःच ओढा.

समजा, गेल्या वर्षी रोज ९० बिलं होती आणि सरासरी १६० रुपये, म्हणजे १४,४०० ची विक्री. यंदा बिलं ८८ आणि सरासरी ११८, म्हणजे १०,३८४. इथे माणसं तेवढीच येताहेत, पण कमी घेऊन जाताहेत. अशा दुकानाला जाहिरात कशाला? लोक तर येतातच. उलट बिलं ६० वर आली आणि सरासरी तीच राहिली, तर लोक यायचे थांबलेत. मग रस्ता खणलाय का, समोर गाडी लावायला जागा राहिली का, दुपारी दीड ते चार शटर खाली असतं का, काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून डोकं वर काढतो का, हे बघा. स्टेटमेंटमधल्या वेळा इथे कामी येतात. संध्याकाळी सात ते नऊ हा भाग पातळ झाला असेल, तर नोकरीवरून परतणारी माणसं तुटलीत असं समजा.

एका अप्पांचं दुकान अगदी पहिल्या प्रकारातलं होतं. त्यांचा राग गावात उघडलेल्या मार्टवर. मी म्हटलं, विक्री कोणत्या महिन्यापासून उतरली ते आधी शोधू. महिन्यावार आकडे मांडले, तर मार्ट उघडायच्या बऱ्याच आधीपासून उतार लागलेला. मग खरेदीची फाइल काढली. विक्रीच्याही आधी खरेदी घटली होती. हे कळल्यावर मी संध्याकाळी त्यांच्या दुकानात स्टूल टाकून बसले.

एक बाई आली, अर्धा किलो जाड पोहे मागितले. "जाड नाहीत वहिनी, पातळ देऊ?" शेंगदाणे होते, पण खवट वास येत होता, तिने नाकाला लावले आणि पिशवी परत ठेवली. नेहमीचा चहा पाव किलोत नव्हता, एक किलोचाच पुडा शिल्लक. शेवटी ती कोथिंबीर आणि काडेपेटी घेऊन गेली. वहीत ते एक बिल, पण किती हलकं! आणि वरच्या रॅकवर त्या वेळी काय होतं? कुठल्याशा स्कीममध्ये गळ्यात पडलेले नूडल्सचे खोके, मुदत संपत आलेले, पुढे धुळीची रेघ.

म्हणून एक वही फक्त "नाही" साठी ठेवायची. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते लगेच लिहायचं. किराण्यात या वहीइतकं स्वस्त निदान दुसरं नाही. अप्पांच्या वहीत तेच ते जिन्नस परत परत आले: जाड पोहे, चहा, धुण्याची पावडर, रवा. सगळा रोजचा उठाव असलेला माल.

तो का नव्हता? कारण अप्पांनी घर बांधायला काढलं होतं आणि पैसा दुकानातून उचलला होता. डिस्ट्रिब्युटरची बिलं थकली, उधारीवरची डिलिव्हरी बंद झाली, मग रोखीने जमेल तेवढाच माल येऊ लागला. घर बांधणं काही गुन्हा नाही, पण तो खर्च दुकानाच्या वहीत कुठेच नव्हता. गल्ल्यातून घरी गेलेला प्रत्येक पैसा आणि रॅकवरून घरी गेलेला साबणसुद्धा लिहा. ही गोष्ट सांगितली की घरात थोडी कुरबुर होते. होऊ द्या.

मार्टचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. साखरेचा हिशेब करून दाखवते. ४१ ने घेतली, ४३ ने विकली, किलोमागे दोन रुपये. अप्पा जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत; तिथे विक्रीवर एक टक्का कर खिशातून: ४३ पैसे. ५० किलोच्या कट्ट्यात सांडून, वजनात झुकतं माप देऊन अर्धा किलो गेली तर किलोमागे आणखी ४१ पैसे. पिशवी धरली की हातात जेमतेम रुपया राहतो. मार्टशी भाव लावायला तोही सोडला, तर साखर फुकट वाटायचीच वेळ. साखर-तेलावर भांडू नका. ज्यात चार पैसे सुटतात तो सुटा माल, डाळी, पोहे, मसाले, ताजा आणि निवडलेला ठेवा.

उधारीची वही तारखेप्रमाणे लावा. तीन महिन्यांपलीकडची रक्कम भांडवल समजू नका. ज्यांच्याकडे जुनी बाकी आहे ती माणसं दुकानासमोरून मान खाली घालून जातात आणि रोखीची खरेदी दुसरीकडे करतात. अशा घरी जाऊन "बाकी हप्त्याने द्या, पण यायचं सोडू नका" एवढं बोलून या. काटा, दिवे, झाडलोट यांवर मी वेगळं सांगायला नको.

अप्पांनी रिक्षाचे आणि फ्लेक्सचे पैसे डिस्ट्रिब्युटरच्या थकबाकीत भरले. नूडल्स खरेदीच्या भावात काउंटरवर ठेवून संपवले. माल पुन्हा भरला तशी बिलाची सरासरी आधी वर सरकली. बिलांची संख्या नंतर बऱ्याच दिवसांनी हलली. पुढे त्यांनी फ्लेक्स केलाच, शटरच्या बाजूला, लहानसा. त्यावर ना स्वतःचा फोटो, ना "भव्य ऑफर". "दुपारी बंद नाही. जाड पोहे, निवडलेले शेंगदाणे मिळतील." एवढंच.